संगणकातली मरळ

४ मे, सकाळ
संगणक सुरू करून अंघोळीला गेलो. आलो, जेवलो, तरी पडद्यावरचं गोल फिरतच होतं.

नोंद असावी म्हणून लिहितो: संगणक मच्छीमार संस्थेचा, पण मी सचिव म्हणून तो माझ्या घरी, माझ्या टेबलावर. आठ वर्षं मीच सांभाळतो. कोर्स नाही, क्लास नाही, सगळं स्वतः बघून शिकलो. याच्यामुळेच गाव मला सचिवसाहेब म्हणतं. त्याआधी मनशा म्हणायचे.

४ मे, दुपार
अध्यक्ष लटारूभाऊ येऊन गेले. म्हणाले, "मनसाराम, एका दाखल्यासाठी चार चक्कर मारा लागते गा तुह्या घरी. लोकं म्हनून राह्यले, कपूटर दिव्यानीकडं देऊन टाका." दिव्यानी म्हणजे त्यांची सून. बी.कॉम. आणि वरून संगणकाचं सर्टिफिकेट. मी म्हणालो, सर्टिफिकेट भिंतीवर टांगतात, संगणक टेबलावर चालतो. ते म्हणाले, "चालते कुठी? तेच त म्हनून राह्यलो."

फैसला २५ तारखेच्या सभेत. त्या दिवशी मी अख्खा वार्षिक अहवाल पडद्यावर दाखवणार, प्रत्येक सभासदाच्या फोटोसकट. संगणक धावला तर माझ्याकडे राहील, नाहीतर दिव्यानीकडे जाईल.

संकल्प: आजपासून रोज देखभाल. नियमित आणि शास्त्रीय.

५ मे
सुरक्षेपासून सुरुवात. अँटिव्हायरस एकच होता. आणखी तीन टाकले. तलावावर रात्री एकच राखणदार बसवला तर तो झोपतो, हे आमच्या संस्थेला शिकवायला नको. चार बसवले तर एकमेकांवर नजर ठेवतात.

संध्याकाळ: खरंच एकमेकांवर नजर ठेवून आहेत. प्रत्येकाने बाकीच्या तिघांना चोर म्हणून धरलं. माऊस हलत नाही. पहारा कडक आहे, एवढं मात्र नक्की.

७ मे
डिफ्रॅग लावलं. म्हणजे आतला पसारा संगणक स्वतः आवरतो. दिवसभर आवरत होता. शेवटाला आलं आणि लाईन गेली. उद्या पुन्हा.

८ मे
पुन्हा. पुन्हा गेली. वीजवाल्यांना देखभालीचं महत्त्व कळत नाही.

९ मे
निदान झालं: उष्णता. बाहेर ऊन असं की कुत्रंही सावली सोडत नाही, आणि संगणकाचा डबा हाताला तव्यासारखा लागतो. झाकण काढून डबा कुलरसमोर ठेवला. अगदी जवळ, म्हणजे तुषारही लागतील.

कुंता (पत्नी) म्हणाली, "अजी, घरच्या मानसाइले कुलर नाई, आन त्याले काऊन लावला?" मी समजावलं की माणसाला घाम येऊ शकतो, संगणकाला येत नाही. ती म्हणाली, "मंग आमी घाम गाळतो, तुमी त्याले गार करा." बरोबर समजली, असं वाटलं. पण रात्री ती आणि आचल (मुलगी) अंगणात झोपल्या.

आतून चटचट आवाज येतो. थंडीने आकसत असावा.

१२ मे
कुलर बंद. डब्यात पाणी साचलं होतं, थोडंच. उन्हात वाळवला, डाळीच्या शेजारी.

आता धूळ. संगणकाच्या माहितीपुस्तकात लिहिलंय, जोरदार हवेने उडवावी. धाकटा भाऊ धनराज याचं उन्हाळी धान निघालंय, खळ्यावर उफणणी पंखा चालू आहे. याच्याइतकी जोरदार हवा तालुक्यात नसेल. डबा मोटरसायकलवर बांधला, नेला, पंख्यासमोर दोन्ही हातांनी धरला. धनराज ओरडला, "दादा, बाजूले हो! कोंडा तुह्याचकडं उडून राह्यला!" मी शास्त्रीय काम अर्धवट सोडत नाही.

धूळ पूर्ण गेली. तिच्या जागी कोंडा आहे. आचलने हेअरपिनने होता होईल तेवढा काढला. कोंबड्या डब्यात मान घालून दाणे टिपत होत्या. त्याही देखभालच करत होत्या, म्हणून हाकललं नाही.

१३ मे
आचल म्हणाली, "बाबा, दिव्यानीवहिनीकडं न्या ना. अर्ध्या घंट्याचं काम हाये." मी तिला सांगितलं, अर्ध्या घंट्यात केलेलं काम अर्धा घंटाच टिकतं. ती मोबाईल घेऊन बाहेर गेली. पटलेलं दिसलं.

१८ मे
अहवाल तयार! सगळ्या सभासदांचे फोटो, जाळ्यांचे, होड्यांचे, तलावाचे चारही बाजूंनी. फोटो मुद्दाम लहान केले नाहीत. लहान केला की सभासद लहान दिसतो. नाव द्यायच्या वेळी संगणकाने स्वतःच 'प्रेझेंटेशन वन' सुचवलं. मी हो म्हणालो. असल्या किरकोळ बाबतीत त्याला मोकळीक देतो.

उघडून बघायला घेतलं, पण सभेआधी त्याला दमवणं बरं नाही.

२२ मे
मूळ सापडलं!!

आज तलावात मरळ काढण्याचं काम होतं. पाणी कमी असतानाच ही मासोळी काढावी लागते, नाहीतर पावसाळ्यात सोडलेलं सगळं मत्स्यबीज खाऊन टाकते. गुडघाभर चिखलात उभा होतो आणि अचानक उजेड पडला. संगणकात हेच चाललंय! मोठ्या फायली लहान फायलींना खातात. आठ वर्षं बीज टाकतोय, मरळ एकदाही काढली नाही!

पाय न धुता घरी. सगळ्या फायली आकाराप्रमाणे लावल्या. सर्वांत वर एक अजस्र. नाव इंग्रजी, ओळखीचं नाही. बाकी सगळ्यांपेक्षा कितीतरी मोठी. काढली. तिच्याखालच्या काही काढल्या. कचऱ्याची टोपलीही लगेच रिकामी केली, कारण मरळ काठावर ठेवली तर सरपटत परत पाण्यात जाते.

बंद करून चालू केला. भात शिजायच्या आत सुरू! कुंताला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, पाय धुवा.

२४ मे
उद्या सभा. भाषणाची तयारी. विषय: 'मी आणि देखभाल'. दिव्यानीचा उल्लेख मोठ्या मनाने करणार.

२५ मे, रात्र
सभा झाली.

सुरुवात उत्तम. बटण दाबलं आणि मागे बसलेल्या सभासद पोचूभाऊंनी विडी पेटवायच्या आत पडदा तयार. लोक पुढे सरकले. लटारूभाऊ म्हणाले, "भल्ला फास्ट केला गा! दाखव आता."

अहवाल नव्हता. ठेवला होता तिथे नव्हता, नव्हता तिथेही नव्हता. शोधताना एकदम आठवलं, त्याचं नाव काय ठेवलं होतं ते. लोकांना सांगितलं नाही. तांत्रिक बाब आहे.

तेवढ्यात चारपैकी एका राखणदाराने मोठ्या अक्षरात जाहीर केलं की आपला संगणक पूर्णपणे सुरक्षित आहे. पोचूभाऊ मागून ओरडले, "सुरक्षित राहीनच ना मनशा, आत काईच नाई त चोरतीन काय!" सगळी सभा हसली. बाया जास्त. मी अहवाल तोंडी सांगायला घेतला, पण फोटो तोंडी सांगता येत नाहीत. होडीचा प्रयत्न केला.

हात वर करून मत घेतलं. संगणक माझ्याकडे राहावा म्हणून दोन हात. एक माझा. दुसरा कुंताचा. घरी येताना तिला म्हणालो, तू साथ दिलीस. ती म्हणाली, "माशी होती जी." घरी आल्यावर तिने कुलर माझ्या खाटेकडे फिरवून ठेवला.

२७ मे
संगणक स्वतः पोचवला. दुसऱ्याच्या हातून पाठवणं पटलं नाही. दिव्यानी म्हणाली, "काकाजी, बसा, चहा मांडते." चहा उकळेपर्यंत तिने तीन राखणदार काढले, ब्रशने कोंडा झाडला. झाडताना हसली नाही. चांगली मुलगी आहे. दाखला छापून दाखवला, सरळ निघाला.

मग तिने आतली एक सेटिंग उघडली आणि विचारलं, "काकाजी, याले अर्ध्याच वेगावर कोनं बांधून ठेवला? संगणक आला तेव्हापासून तसाच हाये." बघितलं. खरंच. वेगाची कमाल मर्यादा: अर्धी. मशीन दमू नये म्हणून केलं असावं. कल्पना वाईट नाही, पण न विचारता करायला नको होतं.

कोणी केलं, याची कसून चौकशी करणार. अडचण एकच: आठ वर्षांत माझ्याशिवाय कोणालाही मी त्याला हात लावू दिलेला नाही.