पाणी पडतंय तोवर

अण्णा, देवासच्या या घरात पाणी तापत ठेवलं आहे आणि ज्या मुलीसाठी ठेवलंय ती अजून आलेली नाही. दुपार टळून गेली. ती येईपर्यंत तुमच्याशी बोलावं म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन खूप वर्षं झाली, मागोमाग आईही गेली, आणि या घरात मराठीत बोलायला माझ्याखेरीज कोणी उरलेलं नाही.

धारचं आपलं सरकारी क्वार्टर आठवतं. वॉर्डात कोणी दगावलं की तुमच्या आधी दवाखान्यातला शिपाई सायकलवरून यायचा आणि फाटकातूनच सांगायचा, "बाई साब, पाणी मेल दो." पाणी ठेवा, एवढंच. कोण गेलं, कशानं गेलं, आई विचारायची नाही. न्हाणीत पाणी ठेवायची, पंचा आणि धुतलेले कपडे दाराशी. तुम्ही येता, कोणाकडे न बघता मागच्या दारानं आत जाता, कडी लागते. मला वाटायचं हे सोवळं आहे, मसणातून आलेल्या माणसानं करावं तसं. शाळेत मी ऐटीत सांगितलंही होतं की आमच्याकडे फार कडक पाळतात. एकदा भूक अनावर होऊन मी न्हाणीचं दार वाजवलं. आईनं दंड धरून ओढलं. "पाणी पडतंय तोवर हाक मारायची नाही." तुम्ही बाहेर आलात तेव्हा डोळे लाल. "साबण गेला," म्हणालात. मी म्हटलं, "एवढे मोठे डॉक्टर, आणि दर वेळी साबण कसा जातो हो?" तुम्ही हसलात. "तू डॉक्टर हो आणि शोध त्याच्यावर इलाज." आई पानं वाढत होती. तिनं वर पाहिलं नाही.

मी मनोविकारांची डॉक्टर झाले. आता रोग्यांपेक्षा डॉक्टरांकडेच जास्त बघते. शिकताना त्यांचं काय होतं, ते झोपतात का, कोणाशी बोलतात का. रुग्णालयांत जाऊन शिकाऊ डॉक्टरांच्या मुलाखती घेते. माणूस गेला हे नातेवाइकांना कसं सांगायचं, ते त्यांना हल्ली शिकवतात. सांगून झाल्यावर स्वतःचं काय करायचं, ते कोणी शिकवत नाही. पुढची खाट वाट पाहत असते.

आज येणार आहे ती मुलगी त्यांच्यातलीच, धारपलीकडच्या मनावर गावची, आपल्यासारख्याच घरातली. मराठी बोलते, वाचायला जमत नाही. तिच्या पाळीत एक बाळंतीण गेली. कोणाचीच चूक नव्हती असं सगळे म्हणाले आणि राउंड सुरू झाला. मी विचारलं, रडलीस का? "ड्यूटी रूममध्ये सगळे असतात ना मॅडम. बाथरूममध्ये नळ फुल खोलून रडते. बाहेर आवाज नाही जात." हे ती हसत म्हणाली. मला आपल्या न्हाणीचं दार दिसत होतं. इतकी वर्षं मी ज्याला सोवळं समजत होते ते काय होतं, हे एका परक्या मुलीनं मला सांगितलं. आईला ते ठाऊक होतं, अण्णा. त्या शिपायालाही.

मुलाखतीत स्वतःचं काही सांगायचं नसतं. मी सांगितलं. ऐकून घेऊन ती म्हणाली, "मेरे लिए कौन रखेगा पानी, मॅडम? हॉस्टेलमध्ये तर बादलीला पण नंबर लावावा लागतो." ती शिक्षण सोडायच्या बेतात होती. मी म्हटलं, ठरवण्याआधी एकदा माझ्याकडे ये. नुसता फोन कर, मी काही विचारणार नाही. आज सकाळी फोन आला. "मॅडम, पानी," एवढंच म्हणाली.

इथवर लिहिलं आणि तिचा मेसेज आला. ती बसमध्ये आहे, धारच्या पुढे. लिहिते, तुमच्याकडेच निघाले होते मॅडम, स्टँडवर मनावरची बस लागलेली दिसली, मम्मीला फोन केलाय, ती वाट बघतेय. शेवटी, "सॉरी मॅडम, आता परत नाही येणार." तिनं बरं केलं की वाईट, मला ठरवता येत नाही. ज्या बाळंतिणी तिच्या हाती सुखरूप सुटल्या असत्या त्या डोळ्यांसमोर येतात, आणि तिची आईही येते. माझ्या अभ्यासात अशांना 'सोडून गेलेले' म्हणतात. त्यापुढचा रकाना नाही.

तुम्ही सांगितलेला इलाज मला सापडलेला नाही. तापलेलं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून मघाशी मीच आंघोळ केली. कडी लावली आणि नळ सोडून ठेवला. घरात ऐकायला कोणी नव्हतं. तरी सोडला.