एकेक बोट पुढे

प्रिय दादा,

शाळा सुटल्यापासून मी कुणाला पत्र लिहिलेलं नाही. आज लिहितोय, कारण तू मला सगळं सांगत होतास हे आज दुपारी कळलं. तुला जाऊन पाच महिने झाल्यावर!

इथे मस्कतला मी पाहुण्यांच्या फळ्या लावून देतो, तिथे एक जण वर्षाने परत आला. विंडफॉइलची, म्हणजे शिडाच्या जोरावर खालच्या पंखाने पाण्यावर उचलली जाणारी फळी त्याचीच, डोलकाठी कुठे बसवायची त्या खुणाही त्याच्याच. पण शिडात वारा भरला की फळी नाक वर काढायची आणि तो धप्पकन पाण्यात. मी डोलकाठीचा पाया खाचेत बोटभर पुढे सरकवला. तरी तेच. आणखी बोटभर. तेव्हा तो म्हणाला, "आजारी होतो. पंधरा किलो उतरलो."

दादा, मी पाना खाली ठेवला आणि तुझे फोन मोजले.

आठवतं? गोव्याहून, आपल्या मोरजीहून तुझा फोन. "बाबल्या, फळी माका उडयता मरे! तोल रवना."

"पाया बोटभर पुढे घे. आणि पावाचे चार उंडे जास्त खा!" मी म्हटलं. तू हसलास.

पंधरा दिवसांनी परत फोन. परत बोटभर. तिसऱ्यांदा तर मी वैतागलो, "तूच मला शिकवलंस, आणि आता मलाच विचारतोस?"

फळी तीच, खालचा पंख तोच, शीड तेच. मग हलकं काय झालं होतं रे? "आधी माणूस बघ, मगीर स्क्रू," हे तुझंच ना? मी स्क्रूच बघत बसलो.

आणि तू तरी! पोटातलं दुखणं आईला सांगितलंस, वहिनीला सांगितलंस. वर त्यांना ताकीद, "ताका सांगू नकात, काम सोडून येतलो." आलोच असतो! दहा कामं सोडली मी, तुझ्यासाठी अकरावं सोडलं नसतं?

मी पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. पडवीत तुझी फळी उभी होती. खाचेच्या कडेला वहिनीच्या नेलपॉलिशच्या चार लाल खुणा, एकेक बोट पुढे. मला वाटलं, दादाची बारीक कामाची सवय. त्यावरून हात फिरवला आणि परत विमानात बसलो.

आता डोळे मिटले की त्याच चार खुणा दिसतात. चौथ्या खुणेच्या पुढे काही नाही.

मोसम संपला की येईन. पाया मागे, पहिल्या खुणेवर नेईन, तू अंगाने भरलेला होतास तिथे. मी तुझ्याहून हलका, फळी मला फेकणारच. फेकू दे. तो पाया मी पुढे घेणार नाही दादा. बोटभरसुद्धा नाही.

तुझा धाकटा,
बाबलो