साबणाचा कोनाडा

चंदनसार, विरार (पूर्व)
१२ जून १९९९

तीर्थस्वरूप हर्षवर्धनदादास,
उन्नतीचा सा. न. वि. वि.

आपल्या आईला नेमकं काय दिसतं? दादा, मला या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. डॉक्टर म्हणतात, काचबिंदूने नेलेली नजर परत येत नाही, उरलेली तेवढी थेंब घालून राखायची. पण उरलेली म्हणजे किती? आईला विचारलं तर म्हणते, सगळं दिसतं, फक्त दुधातून बघितल्यासारखं.

आपलं नवं न्हाणीघर बिल्डरने खालपासून वरपर्यंत पांढरं करून दिलंय. त्यात आई उभी राहिली की ढगात शिरल्यासारखी वाटते. परवा साबण चाचपताना स्टीलच्या रॅकवर तिचं कपाळ आपटलं. टेंगूळ उतरलंय. काळजी वेगळीच आहे. तिने मला बजावलंय की हातपाय चालताहेत तोवर आपली अंघोळ आपण करणार. ज्या दिवशी परकी बाई अंगावर पाणी घालील, त्या दिवशी घरात फक्त तिचं शरीर उरलं असं समजायचं.

म्हणून मी ठरवलंय, रॅक काढायचा आणि शॉवरखालच्या भिंतीतच कोनाडा कोरायचा, आपल्या वटारच्या जुन्या घरात होता तसा. आतून वेगळ्या रंगाच्या टाइल्स. प्लासिड मिस्त्री हसून म्हणाले, देवाचा कोनाडा ऐकला होता, साबणाचा पहिल्यांदाच. रंगही मी निवडलाय. वाडीतल्या बावखलावर, त्या तळ्यावर, सकाळी धुकं असायचं, तेव्हा पाणी जसं दिसायचं तसा फिकट हिरवा. शाळेत मुलांना धडा देऊन बसले तरी तोच रंग डोळ्यांपुढे तरंगतो. आईने डोळे मिटावेत आणि तिला वाटावं, आपण वाडीतच आहोत.

तुझी माया त्या वाळवंटातही ओली राहो.

तुझी,
उन्नती

मस्कत
३० जून १९९९

चि. उन्नतीस,
अनेक आशीर्वाद.

घरातली पहिली पदवीधर साबणाच्या जागेवर पान भरून लिहिते, हे बाबा असते तर त्यांनी वटारभर वाचून दाखवलं असतं. मी इथे हॉटेलांच्या न्हाणीघरांत नळ बसवतो. सगळी पांढरीशुभ्र. मधेच हिरवा चौकोन म्हणजे नव्या सदऱ्याला ठिगळ. कोनाडा कर, पण पांढरा.

आणि खरं सांगू? रंग धरून माणूस सावरत नाही. तू शाळेत असताना आई घसरली तर? वटारच्या सालोमीकाकूंना मी लिहितो, त्या एखादी चांगली बाई बघून देतील. आई रागावेल. पण धडधाकट राहून रागावेल.

डोक्यातलं धुकं थोडं कमी कर, प्रेम आहे तेवढंच राहू दे.

तुझा,
दादा

चंदनसार
२५ जुलै १९९९

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येण्याआधीच हिरवा कोनाडा झाला होता. इतका सुंदर, की मी उगाचच आत जाऊन उभी राहायची. आईने हात फिरवून म्हटलं, छान झालाय गं. मी हवेत.

काल मी त्यातला साबण उचलला. वडीच्या कडा तशाच धारदार होत्या, वरची अक्षरंसुद्धा झिजली नव्हती. मग आई अंघोळ करत कशाने होती? तांब्याखाली दडवलेली जुन्या साबणाची चकती सापडली. आई ओणवी होऊन जमिनीवर ती चाचपत होती. पांढऱ्यात फिकट हिरवा तिला दिसतच नव्हता, आणि माझा हिरमोड नको म्हणून ती बोलली नाही. बावखल मला दिसत होतं, दादा. तिला नाही.

मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, वटारच्या घरी अंधारात कोनाडा कसा सापडायचा? तिला माझ्या अज्ञानाचं हसू आलं. म्हणाली, दिवाळीला भिंतीला चुना आणि कोनाड्याला आतून गेरू लावायचो, तो काय नुसता शोभेला? पांढऱ्या भिंतीत तो लांबूनच उघड्या दारासारखा दिसायचा. एवढं शिकलीस, पण गेरू कधी कालवला नाहीस, असंही वर ऐकवलं.

मी दुकानातून टाइल्सचे नमुने आणून भिंतीला टेकवून ठेवलेत. आता मी निवडणार नाही.

हसू नकोस. हसलास तरी पत्र लिहीत राहा.

उन्नती

मस्कत
९ ऑगस्ट १९९९

चि. उन्नतीस,
अनेक आशीर्वाद.

हसलो नाही. ओणवी होऊन चाचपणारी आई दिवसभर डोळ्यांपुढून हलली नाही. म्हणूनच सांगतो, आता पुन्हा फोडाफोडी नको. सालोमीकाकूंची बाई गणपतीनंतर येईल, तिला ठेवून घे. मी दिवाळीला येतो, तेव्हा बघू. आईला सांग, दादाने सांगितलंय.

जपून राहा. माझा धाक आणि माझी माया एकच समज.

दादा

चंदनसार
२७ सप्टेंबर १९९९

तीर्थस्वरूप दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं, तेव्हा हिरव्या टाइल्स फोडून झाल्या होत्या. नमुन्यांपैकी आईने न चाचपता बोट ठेवलं ते गेरूच्याच रंगावर. प्लासिड मिस्त्रींनी कोनाडा आतून तसा केला, कडेलाही तीच पट्टी फिरवली. तुझं ठिगळ आता चांगलं गडद झालंय. फुटक्या हिरव्या टाइल्समधली एक धड निघाली. ती मी माझ्या खिडकीत ठेवलीय. सकाळचं ऊन पडलं की माझं बावखल तिथे असतं.

काल सालोमीकाकूंची बाई आली. शांत, मायाळू वाटली. तेव्हा आई न्हाणीघरात होती. बाईचा आवाज ऐकून तिने आतून कडी घातली. आम्ही दोघी बाहेर उभ्या. आधी नुसतं पाणी ऐकू येत होतं. मग आई गुणगुणायला लागली, वाडीत पानवेल बांधताना गुणगुणायची तशी. बाहेर आली ती निथळत्या केसांनी, साबणाच्या वासात. म्हणाली, वडी संपत आलीय, नवी आणून ठेव.

मी आत डोकावले. कोनाड्यात साबणाची नुसती पातळ पापडी उरली होती, तीसुद्धा बरोबर मधोमध ठेवलेली.

दिवाळीला ये, आणि तूच बघ. आम्हा दोघींवरचा राग तोवर पुरवून ठेव.

बाईंना मी चहा दिला आणि परत पाठवलं.

तुझी,
उन्नती