वाशीला मारलेली हाक

ती. आईस,

वापीच्या वाटेवरून सुनयनाचा नमस्कार. आम्ही सुखरूप आहोत. बाळ झोपलंय. तुझा गुडघा कसा आहे?

वाशीला मार्केटजवळ गाडी जरा थांबली. हे बाळाला दूध आणायला उतरले, ते येईनातच. पलीकडे ट्रकवाल्यांची मारामारी जुंपलेली. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. कंडक्टर म्हणाला, "बाई, नाव सांगा, मी पुकारतो." मी आपली "आमचे हे, आमचे हे" करत राहिले. उखाण्याशिवाय नाव घ्यायचं नाही, ही तुझीच शिकवण. तो वैतागून घंटी मारायला निघाला, तशी मी दारात जाऊन ओरडले, "बाबासो."

चार-पाच हमालांनी वळून पाहिलं. आपल्याच भागातले असावेत. त्यांनी तीच हाक पुढे दिली, ती पार मार्केटच्या गेटापर्यंत गेली. मग हे आले.

शर्ट फाटलाय, ओठ सुजलाय. काय झालं ते सांगत नाहीत. दूध मात्र सांडू दिलं नाही. सासूबाईंना यातलं काही कळवू नकोस.

ठाणं मागे पडल्यावर हे हळूच म्हणाले, "पहिली हाक कुणाची होती?"

मी म्हणाले, कंडक्टरची.

तुझीच,
सुनयना