माकुडीला पाणी

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज माकुडीबद्दल तुम्हालाच सांगावंसं वाटलं. शहाण्णवच्या भादव्यात दादा जुन्नरला कॉलेजात होता. गडाच्या मागच्या कड्यावर शिंदळ माकुडी फुललीय, ती कातळावरची वनस्पती आता फार थोड्या ठिकाणी उरलीय, एवढं कानावर आलं आणि तो मित्रांबरोबर बघायला गेला. ओल्या कातळावरून त्याचा पाय सुटला. दवाखान्यात त्याचे कपडे तुमच्या हातात दिले, तेव्हा शर्टाच्या खिशात माकुडीची बोटाएवढी जाड, हिरवी कांडी निघाली. तुम्ही ती अवसरीला आणलीत आणि तेरावा झाल्यावर फुटक्या घमेल्यात मुरूम भरून लावलीत.

आई तिकडं बघायचीही नाही. पुढच्या भादव्यात पहिलं फूल आलं, चांदणीसारखं, काळपट लाल, वर पिवळे ठिपके. तुम्ही मला हाक मारून दाखवताय, मी वाकून बघतेय, आणि आई मागून येऊन कांड्या उपटते, मोडते, उकिरड्यावर फेकते. "माझं लेकरू खाल्लं हिनं," एवढंच म्हणते. तुम्ही उकिरड्यावर बसून एकेक तुकडा वेचलात. कशाला, म्हणून मी चिडून विचारलं. "त्यानं आणलीय. टाकू कशी?" तुकडे सावलीत सुकवून तुम्ही लावलेत, ते सगळे जगले. मग आईच्या नजरेला पडू नयेत म्हणून घमेली गोठ्यामागं गेली. उन्हाळ्यात पानं गळायची, कांड्या सुरकुतायच्या. तेव्हा तुम्ही थेंबभरही पाणी घालायचा नाहीत. झोपलीय ती, म्हणायचात.

तुम्ही गेलात त्याच उन्हाळ्यात मी मंचरहून माहेरी आले, तर घमेली ओसरीवर. आईनं एकटीनं ओढत आणली होती. पानं गळालेली बघून तिला वाटलं, तुमच्यामागं झाडं तहानेनं चाललीत. सकाळ-संध्याकाळ तांब्यानं पाणी घालत होती. मी कांडी धरली, तर ती हातातच आली. काळी, मऊ, आतून सडलेली. सगळ्यांचं तेच. आई खांबाला धरून उभी होती.

"पाणी कमी पडलं का गं?" तिनं विचारलं. "मी तर रोज घालत व्हते."

यंदा ऊनच लई होतं, म्हणून मी सांगितलं. तिला ते पटलं. ती शेजारणींना अजून तसंच सांगते. खरं काय ते फक्त तुम्हाला सांगितलं, आबा. आता हा कागद फाडून चुलीत घालते. आईला वाचता येतं.