आईचं म्हणणं, तुमच्या इंग्रजीत

बाई, आज ओढ्यावर पुन्हा परदेशी पाहुणे आले होते. तुम्ही उभा केलेला बायकांचा गट आणि वारज्यातली ती रोपवाटिका अजून अशा पाहुण्यांच्या छोट्या अनुदानांवर चालतात. आईचं बोलणं त्यांना इंग्रजीत सांगायचं काम आता माझ्याकडे आहे. तिचं वाक्य संपलं आणि मी तोंड उघडण्याआधी मला तुमचाच आवाज ऐकू आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी.

आईचं बोलणं तुम्ही इंग्रजीत सांगायचात तेव्हा मी बारावीत होते. तुमच्या स्वयंपाकघरात मटार सोलता सोलता तुम्ही मला इंग्रजी शिकवायचात. आमच्या घरात कुणीच कॉलेजात गेलेलं नव्हतं. मी जाणार, हे आईच्याही आधी तुम्ही ठरवून टाकलं होतं. मग एक दिवस असेच पाहुणे ओढ्यावर येतात आणि विचारतात, अजून काय हवं? आई पदर सावरून म्हणते, "रोपं आमी जगवू. पण डंपर येऊन वढ्यात राडारोडा टाकत्यात, ते बंद करा. वढाच ऱ्हायला नाय तर रोपं लावायची कुटं?" तुम्ही हसून इंग्रजीत सांगता, ती म्हणते, तुम्ही येईपर्यंत आम्हाला पर्यावरण म्हणजे काय तेच माहीत नव्हतं. पाहुणे भारावून हात जोडतात. आईला वाटतं, त्यांना कळलं. तीही हात जोडते.

ते गेल्यावर मी म्हटलं, "बाई, आई असं नव्हती म्हणाली."

"अगं, अनुदान रोपांसाठी आहे. भांडणाचा वास आला की हे लोक पुन्हा फिरकत नाहीत." आणि वर, "चार वाक्यं समजायला लागली, तर आता माझाच पेपर तपासणार का?"

अनुदान मिळालं. ओढा मात्र अर्धा बुजला. तिथे आता गाड्या उभ्या असतात. तुमचा अंदाज बरोबरही असेल. पण जिचं बोलणं तुम्ही गिळलंत, तिला एकदा विचारायचं तरी. तुम्ही मला इंग्रजी शिकवलं नसतं, तर मीही आईसारखी हात जोडून उभी राहिले असते आणि आयुष्यभर तुम्हाला मानत राहिले असते. तेही तुम्ही मला ठेवलं नाहीत.

आज मी आईचा शब्दन् शब्द सांगितला, डंपरसकट. पाहुण्यांनी वह्या मिटल्या. पुढच्या वर्षी ते येतील की नाही, कुणास ठाऊक. घरी येताना आई खुशीत म्हणाली, "अगदी बाईंवानी बोललीस बग."

तिला मी त्या दिवसाचं कधीच काही सांगितलेलं नाही. हे पत्रही कुठे जाणार नाही. पण खरं सांगते बाई, तिचं ते ऐकून मला बरं वाटलं.