बॅटरीची वही

दि. ४ सप्टेंबर

चि. खारूताई हिला आईचे ओंजळभर आशीर्वाद.

वि. वि. त्या सकाळी दूध तापवून बाजूला ठेवलं होतं, केर काढून झाला होता, पंप लावून बादल्या भरत होत्या आणि चष्मा सापडत नव्हता. तो डोक्यावरच होता. मग नेहमीसारखी व्हरांड्यातल्या बॅटरीसमोर उभी राहिले आणि वहीत आकडा लिहिला, ऐंशी. आदल्या दिवशी शंभर होता. मला वाटलं पंपामुळे उतरला असेल. लिहिलं आणि कपडे भिजवायला गेले. तारीख तेवीस जुलै. वही होती म्हणून ही सकाळ सापडली, नाहीतर ती बाकीच्या सकाळींत केव्हाच मिसळून गेली होती.

वही तुला माहीतच आहे. तुझे बाबा कारखान्यात वायरमन होते तेव्हा तिथे प्रत्येक पॅनेलला एक वही टांगलेली असायची. तारीख, वेळ, आकडा, शेरा, सही. तू तुझ्या कंपनीची बॅटरी घरी बसवून दिलीस त्याच दिवशी त्यांनी तशीच वही इथे खिळ्याला अडकवली. घरच्या बॅटरीची हजेरी घेणारा हा एकटाच माणूस म्हणून मी हसायचे. ते गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं, तरी मी व्हरांड्यात जाऊन आकडा लिहिला. तेव्हापासून एक दिवस चुकवला नाही. सहीचा रकाना मात्र मोकळा ठेवते. तो त्यांचा आहे.

फोनवर तू विचारतेस आणि मी बरं आहे म्हणून ठेवून देते, म्हणून आता सविस्तर लिहिते. आधी सांगते की सगळे सुखरूप आहेत. शेजारच्या मास्तरीणबाईंना ऑक्सिजनचं यंत्र दिवसरात्र लागतं. वीज गेली तर अडचण नको म्हणून बाबांनी आपल्या बॅटरीची वायर भिंतीतून त्यांच्या पलंगापाशी नेली आणि तिथे लाल सॉकेट बसवलं. वीज गेली की बाई पांढऱ्या सॉकेटमधला प्लग काढून लालमध्ये घालतात. भरलेली बॅटरी सात तास पुरते, हे बाबांनी घड्याळ लावून पाहिलं होतं.

परवा सोमवारी अकराला वीज गेली ती पाचला आली. पावणेदोनलाच बाईंचं यंत्र ओरडायला लागलं. आपली बॅटरी संपली होती. दाराआड राखीव सिलिंडर असतो, त्याची किल्ली कशी फिरवायची ते बाबांनी मला दोनदा करायला लावलं होतं. तशीच फिरवली. बाईंच्या ओठांचा रंग परत येईपर्यंत मी त्यांचा हात धरून बसले. श्वास जाग्यावर आल्यावर त्यांनी पहिलं काय सांगितलं असेल, तर मी चपला घालून घरात शिरले होते.

संध्याकाळी वही उलटी चाळली. ऐंशी, मग पंचाहत्तर, साठ, आणि सोमवारी पंचेचाळीस. कंपनीच्या नंबरवर फोन केला. तिथल्या मुलीनं तपासून सांगितलं की बॅटरी ठणठणीत आहे आणि काम बरोबर करते आहे. मग पावणेदोनला काय झालं? कंपनी तुझी आहे म्हणून तुला विचारते, रागावून नाही. चूक माझीही आहे. मी दीड महिना आकडे लिहीत गेले आणि वाचले नाहीत.

जेवत जा वेळेवर. या आईवरचा तुझा जीव असाच राहू दे.

आई

*

दि. ९ सप्टेंबर

ती. आईस खारूताईचा वाकून नमस्कार. सा. न. वि. वि.

काल पत्र वाचल्या वाचल्या फोन केला, पण मला धड बोलता आलं नाही आणि सर्दी झाली का असं तू विचारलंस. सर्दी नव्हती. आता लिहिते.

बावीस जुलैला आमच्या सगळ्या बॅटऱ्यांना नवीन अपडेट गेलं. ते इंटरनेटवरून आपोआप येतं, तुला कळायचं कारण नव्हतं. आधी बॅटरी रोज शंभर टक्के भरायची. पण सतत काठोकाठ भरलेली बॅटरी लवकर थकते. म्हणून आता ती घराचा मागच्या तीस दिवसांचा वापर बघते आणि वीज गेल्यावर त्या घराला सहा तास पुरेल एवढंच भरते. एकदम नाही, टप्प्याटप्प्यानं खाली येते. वाचायला शहाणपणाचं वाटतं. मलाही वाटलं होतं, कारण तो भाग मी लिहिला आहे.

जूनमध्ये ऑफिसात माझं कौतुक झालं म्हणून मी तुला फोन केला होता, आठवतं? तू लगेच जाऊन मास्तरीणबाईंना सांगून आलीस. ते हेच काम. तू सांगत होतीस तेव्हा बाईंचं यंत्र शेजारी चालूच असेल.

आपल्या घरात तू एक दिवा, एक पंखा आणि फ्रिज चालवतेस. बाबांच्या खोलीतलं सगळं बंद. बॅटरीनं हिशोब केला की या घराला एवढंच लागतं. बाईंचं यंत्र एरवी त्यांच्या विजेवर चालतं, त्यामुळे ते तिला दिसलंच नाही. घरात एक माणूस कमी झालं हे मात्र तिला दिसलं. आई, मी हे लिहिलं तेव्हा असं काही होईल असं डोक्यातसुद्धा आलं नाही.

आणखी एक. आधी स्क्रीनवर 'पूर्ण भरा' असं बटण होतं. लोक ते दाबून विसरून जातात म्हणून मी ते काढून टाकलं. आणि कुणा एकाच घराच्या बॅटरीची सेटिंग इथून बदलायची आम्हाला परवानगी नाही, मग ते घर माझं का असेना. सगळ्यांसाठीच बदलायचं तर साहेबांपुढे उभं राहून माझी चूक सांगावी लागेल. मला भीती वाटते. तोवर बाईंच्या दाराआड एकाऐवजी दोन सिलिंडर ठेवून घे. आजच.

मनात राग धरू नकोस, धरलास तरी पत्र लिहीत राहा.

तुझी खारूताई

*

दि. २१ सप्टेंबर

चि. खारूताई हिला आशीर्वाद, आणि एक टपलीसुद्धा.

वि. वि. लहानपणी उशीखाली बिस्किटं साठवायचीस, मुंग्या लागल्या तरी सोडायची नाहीस, म्हणून तुझं नाव खारूताई पडलं. आणि मोठी झाल्यावर तूच बॅटरीला शिकवलंस की साठवू नको! बाईंना हे सांगितलं तर त्या खोकला येईपर्यंत हसल्या. दुसरा सिलिंडर त्याच दिवशी आणून ठेवला आहे.

तुझं पत्र बाईंना वाचून दाखवलं. न विचारता दाखवलं, पण चूक त्यांच्या श्वासावर बेतली होती तर त्यांना कळायला हवंच. त्या म्हणाल्या की त्यांच्या वर्गात एक नियम होता, फळ्यावर जो चुकला तोच पुसणार आणि तोच परत लिहिणार, शेजारच्यानं खडू घ्यायचा नाही. आणि त्यांनी असंही सांगायला लावलं की चुकणाऱ्यांपैकी बहुतेक जण आपणहून हात वर करत नाहीत. तू माझ्याकडे केलास. आता साहेबांकडे कर.

मी काय केलं ते ऐक. मी शाळा पाहिली ती लांबूनच. जे वाचायला शिकले ते सामानाच्या पुड्यांच्या कागदांवरून आणि बाबांनी आणलेल्या यंत्रांच्या पुस्तकांवरून. तुझं पत्र तीनदा वाचलं. बॅटरीचं पुस्तकही काढलं, त्यात आपली भाषा एक्केचाळिसाव्या पानावर सुरू होते, तिथपासून शेवटपर्यंत वाचलं. बॅटरी जर घराचा वापर बघून शिकत असेल, तर तिला शिकवता येईल असं मला वाटलं.

बारा तारखेपासून रोज सकाळी आठला बाबांच्या खोलीत जाते. त्यांचा उभा पंखा लावते, टेबलावरचा मोठा दिवा लावते, रेडिओ लावते, आणि संध्याकाळी सहाला सगळं बंद करते. पहिल्या दिवशी पंखा सुरू झाला तर टेबलावरचे त्यांचे कागद खोलीभर उडाले. जमिनीवर बसून गोळा केले. एका कागदावर लाल सॉकेटची आकृती होती, बाईंच्या पलंगासकट. पलंगावर बाई पण काढल्या होत्या, चष्म्यासकट. तो कागद आता वहीत ठेवला आहे. रेडिओ रिकाम्या खोलीला बातम्या सांगत बसतो. एक-दोनदा स्वयंपाकघरातून आवाज ऐकून मी चहाचं आधण दोघांचं ठेवलं. असो.

आकडे बघ. चौदाला सत्तेचाळीस, सोळाला त्रेपन्न, एकोणीसला एकसष्ट, आज अडुसष्ट. बॅटरीला वाटतं माणूस परत आलं. यंत्राची समजूत घालणं सोपं असतं. अठरा तारखेला साडेतीन तास वीज गेली होती, बाईंचं यंत्र एकदाही ओरडलं नाही.

पण खारूताई, मला हे सुचलं कारण माझी मुलगी ती बॅटरी लिहिते. जिच्या घरी अशी मुलगी नाही, तिनं काय करायचं? भिंतीपलीकडे सॉकेट देणारं माणूस काही आपल्याच घरात होतं असं नाही. त्यासाठी तू उभी राहा. वहीची जुलैपासूनची पानं कापून सोबत पाठवते आहे. आयुष्यात प्रथमच त्या वहीला कात्री लावली, तेव्हा नीट जपून परत पाठव.

तुझी माया आटू देऊ नकोस, माझी आटत नाही.

आई

*

दि. २८ सप्टेंबर

ती. आईस नमस्कार. सा. न. वि. वि.

पुसलं. फळ्यासमोर उभी राहून, सगळ्यांसमोर.

बैठकीत अठरा माणसं होती. मी आधी सगळं तोंडपाठ केलं होतं, पण उभी राहिल्यावर विसरले, म्हणून सरळ तुझी पानं टेबलावर पसरली. सांगितलं की ही नोंद माझ्या आईनं केली आहे, बाजूच्या घरात एक बाई या बॅटरीवर श्वास घेतात, आणि तेवीस जुलैला जे खाली यायला लागलं ते मी लिहिलं आहे. साहेब उठून आले आणि वाकून एकेक ओळ वाचत गेले. आमच्याकडच्या यंत्रांत लाखो आकडे आहेत, त्यात कुठेही काही बिघडल्याचं दिसत नव्हतं. मग तुझ्या घरी अडुसष्टपर्यंत आकडा कसा चढला ते साहेबांनी विचारलं. मी पंखा, दिवा आणि रेडिओ सांगितला. खोली कुणाची तेही सांगितलं. मग एक जण म्हणाला की आम्ही वर्षभर बॅटरीला घर ओळखायला शिकवत होतो आणि या बाईंनी नऊ दिवसांत बॅटरीला फसवलं. सगळे हसले आणि मी रडले, पण त्या गोंधळात खपून गेलं.

अशी आणखी किती घरं असतील, असं साहेबांनी विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. तेवढ्यावरच निर्णय झाला. 'पूर्ण भरा' परत येतंय. आणि इथून पुढे अपडेट आपल्या मनानं पातळी खाली आणणार नाही. आधी स्क्रीनवर विचारेल की रोज लागत नाही पण वीज गेल्यावर लागतं असं काही या घराच्या भरवशावर आहे का. तो प्रश्न लिहायचं काम मलाच दिलं. मी अकरा वेळा खोडून लिहिला, तुला पहिल्या वाचनात कळेल असा होईपर्यंत.

पानं परत पाठवते आहे. साहेबांनी एक विचारलं, की सहीचा रकाना सगळीकडे मोकळा का. तो बाबांचा आहे, एवढंच मी सांगितलं. आमच्याकडे सही नसलेली नोंद धरत नाहीत. तुझी धरली.

आई, मला त्या दिवशी वाटलेला अभिमान जूनमधल्यापेक्षा फार मोठा होता, आणि तो माझा नव्हता.

मायेनं पाठीवरून हात फिरव, इथे कळेल मला.

तुझी खारूताई

*

दि. १२ ऑक्टोबर

चि. खारूताई हिला आईचे आशीर्वाद, मास्तरीणबाईंचेही मिळवून दुप्पट.

वि. वि. आज दुपारी बॅटरीच्या स्क्रीनवर निळा दिवा लुकलुकला आणि तुझा प्रश्न आला. पहिल्या वाचनात कळला. तरी मी तो मोठ्यानं वाचला, भिंतीपलीकडे बाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. त्यांनी तिकडून ओरडून सांगितलं की हो म्हणा, मी आहे अजून. मी हो दाबलं. मग 'पूर्ण भरा' दाबलं. आकडा तासातासानं बघत होते, भाजी करपली. संध्याकाळी शंभर झाला.

बाईंनी तुझ्या प्रश्नाला दहापैकी नऊ गुण दिले. एक का कापला असं मी विचारलं, तर त्या म्हणाल्या की त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला दहा दिलेले नाहीत. या रस्त्यावर अजून कोणाकडे अशा बॅटऱ्या आहेत ते मी विचारत फिरते आहे. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे आहे, आणि त्याच्या वडिलांना रात्री श्वासाचं यंत्र लागतं. त्याला स्क्रीन वाचता येत नव्हता. मी वाचून दिला आणि सांगितलं की हा प्रश्न माझ्या मुलीनं लिहिला आहे. जरा जास्तच वेळा सांगितलं असेन.

बाबा असते तर त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात काय लिहिलं असतं ते मला माहीत आहे. दुरुस्ती समाधानकारक. कारखान्यात याहून मोठा शब्द ते कुणासाठी वापरत नसत.

आलीस की दाखवेन सगळं. तोवर या घराची ओढ धरून ठेव.

आई

ता. क. काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळी आठला बाबांच्या खोलीत गेले, पंखा लावला नाही. व्हरांड्यात जाऊन वहीत शंभर लिहिलं आणि पुढच्या रकान्यात माझी सही केली.